कवळी काढून ये

"आज कवळी काढून ये गं. स्टेजवर इम्पॅक्ट पडतो."

मॅडम, आमच्या मोहिमेची दातांची डॉक्टरीण, फोनवर असंच म्हणाली. तिचेच शब्द सांगतेय, माझ्या पदरचा एक नाही. सकाळचे आठ वाजले होते, मी लेकीचा डबा भरत होते. आणि मी काढली. वरच्या समोरच्या दोन दातांची कवळी. धुतली, डबीत घातली, डबी पर्समध्ये टाकली. का काढलीस म्हणून विचाराल तर उत्तर एकच, मॅडम म्हणाली म्हणून. लालबागहून दादरच्या हॉलपर्यंत तोंडाला पदर लावून गेले.

आमच्या मोहिमेची परिषद होती. राज्यभरातून माणसं आली होती, पहिल्या रांगेत मंत्रालयातले एक मोठे साहेब. मागणी एकच होती. सरकारी दवाखान्यात, मुंबईत असो नाहीतर तालुक्याला, दात नुसता उपटून मिळतो, तो भरूनही मिळाला पाहिजे. त्यासाठी दातांची खुर्ची हवी, मशीन हवं, रोज येणारा डॉक्टर हवा. दोन वर्षं मी ही मागणी घेऊन चाळीचाळीतून, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. हौस म्हणून नाही. माझ्या लेकीच्या दाढेला भोक पडलंय. नववीत आहे ती. आमच्या दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, काढून टाकू. मोठ्या डेंटल हॉस्पिटलात तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. तोवर दाढ वाचेल की नाही, कोणी सांगत नाही.

हॉलमधले दिवे बंद झाले. पडद्यावर एक तोंड आलं. दरवाजाएवढं. उघडं, समोरचे दोन दात नाहीत, डोळ्यांवर काळी पट्टी. हनुवटीवर तीळ. माझा तीळ. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "मशेरीचे दुष्परिणाम. अज्ञान हाच खरा आजार."

पुढच्या रांगेतली एक बाई "ई" म्हणाली आणि हसली. तिच्या बाजूच्या गृहस्थाने नाकाला रुमाल लावला. फोटोला वास येतो का हो? माईकवर मॅडम बोलत होती, "अशा वस्त्यांमधून अजूनही हीच परिस्थिती आहे." अशा वस्त्या. आमच्या घरात मांडी घालून सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्लेली बाई ती.

मी जन्मात मशेरी लावलेली नाही. माझी आई लावायची. मशेरी वाईटच, आईच्या हिरड्या मशेरीनेच गेल्या, मी नाही कशाला म्हणू. पण माझे दात कसे गेले ते मॅडमला माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

सव्वीस वर्षांची होते. दात असा ठणकायचा की भिंतीवर डोकं आपटावं. सरकारी दवाखान्यात गेले, नंबर लावला. डॉक्टरला विचारलं, भरून मिळेल का. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुमच्या लोकांना काढलेलाच बरा. परत यायची कटकट नाही." तुमच्या लोकांना म्हणजे कोणाच्या, ते मला विचारावं लागलं नाही. केस पेपरवर आडनाव होतं. काढला. वर्षभराने बाजूचाही तसाच गेला. तेव्हा मी साड्यांच्या दुकानात काउंटरवर होते. शेठने मला मागे फॉल-पिकोच्या मशीनवर बसवलं. "गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही," म्हणाला. तिथेच बसलेय अजून. हसायचं झालं की हात आपोआप तोंडावर जायचा, नवऱ्यासमोरसुद्धा.

मग मॅडम आली. आमच्या चाळीत दातांचं शिबिर घेऊन. त्या सकाळी आमच्या बायकांनी काय करावं? डॉक्टरीण येणार, दात स्वच्छ हवेत, म्हणून झाडून सगळ्यांनी दोन-दोनदा मशेरी लावली. माझ्या आईने तर तिसऱ्यांदा. लाइनीत काळी तोंडं घेऊन उभ्या, एकदम ऐटीत. मला वाटलं, आता ही बया बायकांना झाडणार. पण मॅडम खो खो हसली. आईच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी एवढा साजशृंगार?" कोणाला लागेल असा एक शब्द बोलली नाही. तिथेच मी तिची झाले.

माझी कवळी तिनेच बसवली, फुकट. ज्या दिवशी ती तोंडात बसली त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून रडले. कवळीच्या आधी तिने फोटो काढला होता. "केस पेपरला लावायला," म्हणाली. मी तोंड उघडलं. आणखी उघड म्हणाली, उघडलं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे ती, मला अगं-तुगं करायची आणि मी तिला अहो-जाहो. पण मी तिला मैत्रीण समजत होते. लेकीच्या दाढेचं तिला सांगितलं होतं, भरून द्या असं मात्र कधी म्हटलं नाही. एक उपकार पुरे होता. आणि माझ्या एकटीच्या लेकीची दाढ भरून काय होणार, मागणी सगळ्यांची होती. हे तीच मला शिकवायची.

आता माईकवर ती सांगत होती, "शासनाने सुरुवात म्हणून ब्रश आणि पेस्टचं किट द्यावं, वस्त्यांमध्ये जनजागृती करावी." साहेब मान डोलावत होते. मी वाट बघत राहिले. आता खुर्चीचं म्हणेल, आता म्हणेल. नाही म्हणाली. आमची मागणी त्या भाषणात कुठेच नव्हती. साहेबांना खुर्ची महाग पडते, आमचं अज्ञान स्वस्त पडतं. तिला साहेब हवे होते, मग तिने साहेबांना परवडेल ते दिलं. माझं तोंड दिलं. केसाने गळा कापला.

"आमच्या लाभार्थी ताई," म्हणून मला वर बोलावलं. पहिलं किट साहेबांच्या हस्ते मला. साहेबांनी पुढे केलं. मी घेतलं नाही. पर्स उघडली, डबी काढली, सगळ्यांसमोर कवळी तोंडात बसवली आणि माईक ओढला.

"तो फोटो माझा आहे. मी मशेरी लावत नाही. माझे दात सरकारी दवाखान्यात उपटले, कारण तिथे भरायची सोय नव्हती. मॅडमना हे माहीत आहे. आपण खुर्ची मागायला आलोय. किट नाही."

एवढंच बोलले. आणखी होतं पोटात, पण कोणीतरी दुसऱ्या माईकवरून जेवण तयार असल्याचं सांगितलं. माणसं उठली. चिपळूणहून आलेली एक बाई तेवढी जागेवरच बसून माझ्याकडे बघत राहिली. नंतर माझा नंबर लिहून घेऊन गेली.

चाळीत काय झालं, तेही सांगते. "तुझ्या तोंडाळपणापायी हातातलं किट गेलं," असं शेजारणी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मॅडम घरी आली. लेक गाल धरून पलंगावर पडली होती. मॅडमने मोबाइलच्या उजेडात तिची दाढ बघितली. म्हणाली, "अजून वाचेल. उद्या क्लिनिकला घेऊन ये, मी भरते. एक पैसा नको." खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणारच होते. जीव लेकीत अडकलेला असतो. मग तिने बॅगेतून कागद काढला. फोटो वापरायला माझी परवानगी होती, असं त्यावर टाइप केलेलं. तारीख मागची, दोन वर्षांपूर्वीची.

"फक्त सही कर. माझ्या संस्थेकडे बोट दाखवतायत गं," ती म्हणाली.

मी विचारलं, "आणि नाही केली तर दाढ?"

तिने पेन उघडून माझ्यापुढे धरलं. त्यातच सगळं कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, "मॅडम, तुमच्यात आणि त्या दवाखान्यातल्या डॉक्टरात मला फरक वाटायचा. आता निघा." चहा तसाच राहिला. कागद तिने घडी करून बॅगेत ठेवला.

लेक म्हणाली, "आई, दुखतंय." तिला काय सांगू? आईने नाही म्हटलं, म्हणून तुझं दुखतंय. हे तिला आज ना उद्या मलाच सांगावं लागणार आहे. याची टोचणी मला आहे, आणि ती राहणार.

सोमवारी मी तिला घेऊन त्याच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर नवीन होता, तरणा. म्हणाला, काढून टाकू. मी म्हटलं, "काढायची नाही. भरून द्या." तो म्हणाला, इथे सोय नाही. मी म्हटलं, "मग तसं लिहून द्या. दाढ भरण्यासारखी आहे आणि इथे भरण्याची सोय नाही. सही करून, शिक्का मारून." असं लिहून देता येत नाही, म्हणाला. मी बाकड्यावर बसले. मागची लाइन ओरडायला लागली, शिपाई आला, त्याने आवाज चढवला. मी उठले नाही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत डॉक्टरने लिहिलं. शिक्का मारताना हळूच म्हणाला, "मी स्वतः तीनदा वर कळवलंय, ताई." म्हटलं, आता चौथ्यांदा माझ्या कागदावर कळवा.

त्या कागदाचा फोटो चिपळूणच्या बाईला पाठवला. तिने तिच्या तालुक्यात जाऊन तसंच लिहून घेतलं. तिला एक दिवस लागला. मग लातूरहून एकीचा फोन आला, कसं लिहायला सांगायचं ते विचारायला. मी शब्द न शब्द सांगितला.

मोठ्या हॉस्पिटलातली तारीख यायला अजून अकरा आठवडे आहेत. कदाचित दाढ तोवर टिकणार नाही. लेक एकाच बाजूने चावते, रात्री गोळी घेते. मी दर सोमवारी अर्धा दिवस काम बुडवून तिला त्या दवाखान्यात नेते, आणि दर सोमवारी लिहून घेते. जिथे भरून मिळत नाही तिथे माझ्या लेकीच्या दाताला कोणाचा चिमटा लागणार नाही. नाही म्हणायचं असेल तर आता त्यांनी कागदावर म्हणायचं, सही करून, आणि प्रत्येक तालुक्यात म्हणायचं.