सड्यावरचा सडा

माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील त्या निघोत, पण सड्यावर त्या दिवशी काय झालं ते मीच सांगणार, कारण विहीणबाई ते उलटं सांगतात.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. थोरली मुलगी मी घाटावर दिली, साताऱ्याकडे. लग्नाला वर्ष झालं आणि शिमग्याला व्याही-विहीण पहिल्यांदाच आमच्या गावी आले. मुलगी बरोबर होती. आल्या आल्या तिने मला पडवीत गाठलं.

"बाबा, यांना काहीतरी चांगलं दाखवा. तिकडे मला सगळे दगडांच्या गावची म्हणतात. रोज ऐकते मी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने सगळ्यांना रत्नागिरीत नेलं. राजवाडा दाखवला, किल्ला दाखवला, दीपगृह दाखवलं. खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं मीही पहिल्यांदाच बघत होतो. रत्नागिरीत मी जायचो ते बाजाराला आणि कचेरीत. पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. व्याही किल्ल्यावर उभे राहून म्हणाले, "पाव्हणं, गड म्हंजे चढताना तोंडाला फेस आला पायजे. हितं घामबी न्हाई आला." भाट्याच्या पुळणीवर विहीणबाई गुडघाभर पाण्यात शिरल्या त्या बाहेर येईनात. लुगडं भिजलं तरी हसत होत्या. व्याही म्हणाले, "समुद्र काय, देवाचा हाय. तुमच्या गावचं काय हाय?"

मी म्हटलं, "उद्या सडा दाखवतो."

"सडा?" विहीणबाई म्हणाल्या. "त्यो काय बघायचा? रोज अंगणात मीच घालते की."

मला ती थट्टा वाटली. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्याचं उघडं पठार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणाला ठाऊक नसेल असं मनातही आलं नाही. सकाळी निघालो तर विहीणबाईंच्या काखेत केरसुणी आणि हातात आमचीच पाण्याने भरलेली कळशी.

बायको म्हणाली, "अवो विहीणबाई, ह्या काय?"

"सडा घालायची चढाओढ न्हवं? मीबी दावते साताऱ्याचा हात."

बायको हसून हसून उंबऱ्यावरच बसली. मुलीने समजावून सांगितलं, तरी विहीणबाईंनी कळशी ठेवली नाही. "ऱ्हाऊ द्या, प्यायला हुईल." केरसुणीही तशीच काखेत.

मला दाखवायचा होता तो कातळात कोरलेला माणूस. लहानपणी गुरं राखताना मी त्याच्या पोटावर आडवा व्हायचो, माझ्या दुप्पट लांब होता. पांडवांनी एका रात्रीत कोरला असं म्हातारे सांगायचे. पण त्याला झाली चाळीस वर्षं. सड्यावर पोचलो आणि बघतो तो सगळा कातळ एकसारखा. रेघा मातीने बुजलेल्या, वर सुकलेलं गवत. तासभर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो.

व्याही धोंड्यावर बसून म्हणाले, "पाव्हणं, दगड मातुर भरपूर हाय."

मुलीने मान खाली घातली. बायको म्हणाली, "चला घरी, जेवाण निवतंय."

"इथेच होता तो. सापडल्याशिवाय मी जेवणार नाही," मी म्हटलं आणि होतो तिथेच पाय रोवून उभा राहिलो.

विहीणबाई उठल्या. "आलेच हाय सड्यावर, तर घालते सडा." माझ्या पायाशी त्यांनी गवत उपटलं, केरसुणी फिरवली आणि अंगणात घालावा तसा ओंजळीओंजळीने पाण्याचा सडा घातला. कातळ काळा झाला. बाकी काही नाही. व्याही हसले.

पण शिमग्याचं ऊन ते. बघता बघता कातळ सुकला, आणि एक रेघ मात्र ओलीच राहिली. ती वळत गेली आणि तिचं पाऊल झालं. शेजारी दुसरं पाऊल.

"बाबा, बोटं बघा," मुलगी म्हणाली.

मग कोणी उभं राहिलं नाही. मुलगी काटकीने माती उकरत होती, बायको पदराने पुसत होती. घरी ज्यांना पाण्याचा तांब्याही हातात द्यावा लागतो त्या व्याह्यांनी वहाणा काढल्या आणि केरसुणी आपल्या हातात घेतली. डोकं सापडेपर्यंत दुपार झाली. जेवणाची आठवण मलाही राहिली नाही.

व्याही त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "कुणी काढला म्हनायचा?"

"पांडवांनी."

त्यांनी केरसुणी खाली ठेवली. "पांडव आमच्याकडंबी आलंवते. पर आसं काय ठिवून न्हाई गेलं."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी अजून जपून ठेवलंय.

तिला सासरी आजही दगडांच्या गावची म्हणतात. पण आता ते म्हणताना विहीणबाई शेजारणींना बसवून घेतात आणि तो माणूस आपण कसा शोधून काढला ते रंगवून सांगतात. ते खोटं आहे. जागा माझी, माणूस माझा, हट्टही माझा. पाणी तेवढं त्यांनी शिंपडलं, आणि कळशी आमच्या घरची होती.