दोघांचं माप

डॉक्टर मॅडम पहिल्यांदा स्क्रीनवर आल्या तेव्हा त्यांना मी दिसलोच नाही, आमच्या स्वयंपाकघरातला पंखा दिसला. मोबाईल मी पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि तो नेमका त्याच वेळी घसरला. "अंकल, फोन थोड़ा सीधा कीजिए," त्या म्हणाल्या. मी सरळ केला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि खाली घरातला पायजमा. आयुष्यभर कारखान्यात मोठमोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो, पण असं अर्ध्याच कपड्यांनिशी कुणाला सामोरं गेलो नव्हतो.

ही सगळी व्यवस्था माझ्या मुलीची. ती हैदराबादला असते. रोज संध्याकाळी फोन करते आणि रोज तेच बोलते. "बाबा, तुम्ही ऐकूनच नाही राहिले. शुगर वाढून राहिली, वजन वाढून राहिलं, एक जिना चढलात की धापा टाकता. आई गेली. आता तुम्हीपण…" वाक्य ती पुरं करत नाही. ही सवय तिनं आईकडून उचलली आहे. वाक्य आपण अर्धं सोडायचं, समोरच्यानं ते मनात पुरं करायचं आणि स्वतःच घाबरायचं. मी घाबरलो.

विजय नगरात डॉक्टरांची काही कमी नाही. पण या हिंदी मुलखात आमची मराठी मंडळी म्हणजे एक मोठं कुटुंबच, आणि कुटुंबात काही लपत नाही. ज्या डॉक्टरांकडे आम्ही वर्षानुवर्षं जातो, त्यांची बायको माझ्या बायकोबरोबर भजनाला बसायची. सकाळी मी वजन कमी करायचं इंजेक्शन मागितलं असतं, तर गणपतीच्या आरतीला कुणीतरी हटकून विचारलं असतं, "काय हो, परत बोहल्यावर चढायचा विचार आहे का?" आणि सगळे हसले असते. मीही हसलो असतो. घरी येऊन मग काय झालं असतं ते सांगत नाही.

म्हणून ऑनलाइन. मॅडमनी बरंच विचारलं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाचा त्रास कधी झाला का, पित्ताशयात खडे आहेत का. रक्त तपासायला माणूस घरी आला. दुसऱ्या भेटीत त्यांनी रिपोर्ट बघून औषध लिहून दिलं, ते मोबाईलवर आलं, आणि मेडिकलवाल्या भैयानं बर्फाच्या पिशवीसकट इंजेक्शनचं एक पेन माझ्या हातात ठेवलं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. मुंगी चावल्यासारखं होतं, बस्स.

एक गोष्ट मात्र मॅडमनी सांगितली होती आणि मी ती नीट ऐकली नव्हती. भूक कमी होईल. मला वाटलं, होईल थोडी कमी. ती गेलीच. सकाळी उठावं, चहा घ्यावा, आणि दुपारी घड्याळ बघून कळावं की आता जेवायला हवं. चार घास पोटात गेले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या कुणाला हे वरदान वाटलं असतं. माझी मात्र पंचाईत झाली, कारण ओट्यावर पातेलंभर भात असायचा, भरपूर डाळ असायची आणि पोळ्यांची चळत असायची.

ते का, हे सांगायला हवं.

मला स्वयंपाक येत नव्हता. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. केसभर फरक मला डोळ्यांना दिसायचा, पण भाताला पाणी किती घालतात हे माहीत नव्हतं. बायको आजारी पडली तेव्हा तिनं मला शिकवलं, दिवाणावर पडल्या पडल्या. दिवाण आम्ही हॉलमध्ये असा लावला होता की तिला स्वयंपाकघराचं दार समोर यावं. ती तिथून बोलायची आणि मी इथून करायचो. "अहो, तांदूळ एक वाटी. ती नाही, तिच्या बाजूची. डाळ दोन मुठी. तुमची मूठ मोठी आहे, दीडच घ्या." फोडणीचा आवाज ऐकून तिला कळायचं. "काहून एवढं तेल टाकून राहिले? सांभाळून." माझ्या पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, तर ती हसायची. त्या आजारपणात ती जेव्हा जेव्हा हसली, ती बहुतेक माझ्या पोळ्यांनाच. कणीक दोघांची, मीठ दोघांचं, सगळं दोघांचं. दुसरं माप तिनं शिकवलं नाही आणि मी विचारलं नाही. तसं विचारायचं म्हणजे काय विचारायचं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पुढे पुढे ती दोन घासांवर आली. ताट तसंच राहिलं की तिचा चेहरा पडायचा. माझे कष्ट फुकट गेले म्हणून तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून मी ताट आत नेऊन तिच्या वाटचंही उभ्या उभ्या खाऊन टाकायचो आणि रिकामं ताट दारातून दाखवायचो. "बघ, संपलं सगळं." तिला माहीत होतं कोण संपवतंय. तरी तिला बरं वाटायचं. "चलो," म्हणायची, "वाया नाही गेलं."

ती गेली. राख आम्ही ग्वारीघाटावर नर्मदेत सोडली, मुलगी तेरावं उरकून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभा राहिलो. हातानं आपसूक एक वाटी तांदूळ काढले, दीड मूठ डाळ काढली. जेवलो. तिच्या वाटचं जेवलो. असं रोज. शर्टाच्या गुंड्या लागेनाशा झाल्या, शुगर चढली. लोक म्हणायचे, दुःखानं माणूस वाळतो, हे बघा कसे अंग धरून राहिले आहेत. मला त्यांचा राग यायचा, पण सांगणार काय?

तर हे असं होतं, आणि त्यात हे इंजेक्शन आलं. पहिले काही दिवस मी उरलेलं डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिज भरला. मग कॉलनीच्या गार्डला द्यायला लागलो. त्यानं काही दिवस घेतलं आणि मग हात जोडून म्हणाला, "अंकलजी, रोज-रोज मत दिया कीजिए, मेरा टिफिन घर से आता है।" बरोबरच होतं त्याचं. त्याच्या घरी कुणीतरी त्याच्यासाठी रांधत होतं. मग गाईला घातलं. पण त्यातही मन लागेना. तिच्या वाटचं दुसऱ्याच्या दारात ठेवून यायचं हे मला पटत नव्हतं. शेवटी मी ठरवलं, पूर्वीसारखं आपणच संपवायचं. बसलो आणि संपवलं. त्यानंतर बेसिनशी जाऊन सगळं ओकलो. दुसऱ्या दिवशीही तेच.

पुढच्या भेटीत मॅडमनी वजन विचारलं. जवळपास होतं तिथंच होतं. उलट्या होतात हेही सांगितलं.

"अंकल, आप एक बार में कितना खाते हैं?"

"जितना बनता है।"

"और बनता कितना है?"

मी सांगितलं. तांदूळ, डाळ, पोळ्या, भाजी. सवयीनं बायकोनं शिकवलेल्याच क्रमानं सांगितलं.

"घर में और कौन है?"

"कोई नहीं।"

"अंकल, ये तो दो लोगों का खाना है।"

आवाज चढवून बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. पण त्या अगदी हळू बोलल्या. म्हणाल्या की हे औषध आणि इतकं जेवण एकत्र चालणार नाही, जबरदस्तीनं खाल्लं तर त्रास वाढेल. एकतर खाणं कमी करा, नाहीतर औषध थांबवू. निर्णय तुमचा. मी म्हणालो, "तो बंद कर देते हैं," आणि फोन कापला. कुठल्या तरी शहरात बसलेली, माझ्या मुलीहून लहान पोरगी, आणि तिनं एका वाक्यात माझं ताट मोजलं. मला तपासणी करायची सवय, करून घ्यायची नाही.

इंजेक्शन बंद केलं. मुलीला सांगितलं नाही. काही दिवसांनी भूक परत आली, तीही अशी की सकाळीच पोटात कावळे ओरडायला लागले. मला खरंच आनंद झाला. त्या दिवशी मी हौसेनं रांधलं. पनागरकडची ताजी वांगी मिळाली होती, तिच्या पद्धतीनं दाण्याचं कूट घालून केली. माझं जेवलो. मग तिच्या वाटचं वाढून घेतलं आणि तेही जेवलो. एक शीत ठेवलं नाही. हात धुतले आणि रिकामं ताट घेऊन दाराशी आलो.

दिवाण कधीच खिडकीखाली सरकवला होता. त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे पडले होते. मी ताट हातात घेऊन तिथं किती वेळ उभा होतो, कुणास ठाऊक. मला वाटत होतं मी तिच्यासाठी जेवतोय. पण ती होती तेव्हा मी जेवत होतो ते तिनं बघावं म्हणून. आता बघायला कुणी नव्हतं. घरात मी एकटा होतो, आणि दोघांचं जेवूनसुद्धा एकटाच होतो. हे इतकं साधं होतं आणि मला ते इतकी पातेली उपसूनही कळलं नव्हतं. त्या दुपारी मी जिना चढून गच्चीवर गेलो तर मध्येच कठड्याला धरून बसावं लागलं. छातीत धडधड होत होती. मुलीचं अर्धं वाक्य माझ्या कानात पुरं झालं.

परत भेट मागितली. मॅडमनी मागचं काही काढलं नाही. मध्ये खंड पडला म्हणून कमी डोसापासून पुन्हा सुरू करायला सांगितलं.

एकट्याचा स्वयंपाक कसा करतात, हे मी कुणाला विचारलं नाही. मुलीला विचारलं असतं तर ती रडली असती. अर्धी वाटी तांदूळ काढले. आमच्या पातेल्याचा त्यांनी तळही झाकला नाही, म्हणून चहाच्या भांड्यात भात लावला. डाळ चिमटीनं घेतल्यासारखी घेतली. दोन पोळ्या लाटल्या. तिसरा गोळा हातात आला होता, तो परत मोडून ठेवला. जेवायला बसलो आणि बसतो न बसतो तोच उठलो. पोट भरलं होतं आणि भांडी रिकामी होती. उरलं काहीच नाही, कुणाच्याच वाटचं. मी नळ सोडून भांडी घासायला लागलो आणि घासता घासता मोठ्यानं रडलो. घाटावर माणसं होती म्हणून रडलो नव्हतो. तिथलं राहिलेलं सगळं त्या दिवशी चहाच्या भांड्यावर रडून घेतलं.

महिन्याभरानं परत स्क्रीनवर भेट झाली. या वेळी फोन सरळ होता. वजन उतरलं होतं, शुगरही. मॅडम खूश दिसल्या.

"अंकल, खाने में कुछ चेंज किया?"

"जी। अब एक ही आदमी का बनाता हूँ।"

"व्हेरी गुड!" त्या मनापासून म्हणाल्या आणि समोर काहीतरी टाइप करत राहिल्या. मी थँक यू म्हणालो.