तुरीच्या सुगीत बंद ठेवलेली गोळी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कर्नाटकाच्या सीमेवरच्या मुरुम गावच्या मार्केट यार्डात तुरीचे लिलाव पुकारायचे. लिलाव कसला, फुकटचा तमाशाच! एक हात कमरेवर, आणि आवाज असा की रस्त्यावरचे ट्रॅक्टरवाले वेग कमी करायचे. शेतकऱ्याला मराठीत गोंजारायचं, खरेदीदाराला कानडीत चिमटे काढायचे. एखादा व्यापारी भाव वाढवेना झाला की तोंड वाकडं करून त्याच्यासमोर त्याचीच नक्कल! यार्ड हसायचं आणि हसता हसता भाव चढायचा.

दाजींना बीपी होतं. सरकारी दवाखान्यातून रोजची गोळी होती, पण ती घेतली की घडीघडी लघवीला लागायचं. आणि पुकारणारा तुरीचा ढीग सोडून गेला की बोली मोडते. म्हणून तुरीची आवक सुरू झाली की दाजींची गोळी बंद.

"डॉक्टरला सांगा की तसं," ताई म्हणायची.

"काय सांगू? लई मुतायला होतंय म्हणून? मागं गावातल्या बाया रांगेत उभ्या असत्यात!"

"मग मी सांगते."

"तू सांगितलं की सगळ्या मुरुमला कळंल." मग माझ्याकडं वळून, "मेव्हणं, तुमची बहीण पुकारायला लागली तर आमचं पोट कसं भरायचं?"

त्या माणसापुढं गंभीर राहणं कुणालाच जमलं नाही.

अशाच एका सुगीत, आवक जोरात असताना, एका दुपारी मी यार्डातच होतो. एका चिकट व्यापाऱ्यासमोर दाजींचं तोंड वाकडं झालं, शब्द चिखलासारखे बाहेर पडायला लागले. यार्ड खदखदून हसलं. एका हमालानं शिट्टी मारली. तो व्यापारीसुद्धा हसत पुढं आला, "काय अण्णा, आज माझी नक्कल जमंना व्हय?" मग त्याला दाजींच्या ओठातून गळणारी लाळ दिसली, आणि दाजी ढिगातच कलंडले.

सोलापूरला पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली. ताईनं गोळीचं सगळं सांगितलं.

"अहो, बीपीच्या दुसऱ्या गोळ्या आहेत. जास्त लघवी न होणाऱ्या. बदलून दिली असती."

ताईनं पदर तोंडात कोंबला.

दाजी जगले. पाय ओढत चालतात, आता रोजची गोळी चुकत नाही. सगळं समजतं, बोलता मात्र येत नाही.

यंदा त्यांना हसवावं म्हणून मी बाजेवर चढलो आणि अख्खा लिलाव करून दाखवला, कानडी चिमट्यांसकट. नातवंडं हसून लोळली. दाजी माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते. मग त्यांनी डावा हात वर केला, तोंड उघडलं आणि लांबच लांब "आंऽऽ" निघालं. मी वाकून विचारलं, पाणी? पंखा? भाव चुकला का माझा? प्रत्येक वेळी मान हलली, नाही.

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "उतर खाली. त्यांचं बोलणं तू बोलू नको."

मी उतरलो. दाजींचं ते "आंऽऽ" मात्र थांबेना; यार्डात बोली चढवायचे तसं ते चढतच गेलं.