हिरडीने कातडी धरली नाही

लखनौच्या आपल्या मराठी ग्रुपवर मी एरवी रेसिपी टाकते. आज हे लिहितेय.

माझ्या समोरच्या दाताची हिरडी वर सरकून मूळ उघडं पडलं होतं. त्यामुळे फोटोत मी ओठ मिटूनच उभी राहायचे. दोन आठवड्यांपूर्वी धीर करून दातांच्या डॉक्टरबाईंकडून तोंडातल्या टाळूची थोडी कातडी तिथे शिवून घेतली. तेव्हापासून गार, मऊ खिचडी खाल्ली, औषधाच्या चुळा भरल्या, तिथे ब्रश लावला नाही. बँकेत कामावरही जेवढ्यास तेवढं बोलले.

आज निशातगंजच्या दवाखान्यात टाके काढायला गेले. डॉक्टरबाईंनी ओठ वर करून हिरडी तपासली.

"आपने सब ठीक किया है," त्या म्हणाल्या, "लेकिन इसने पकड़ा नहीं."

शिवलेली कातडी पांढरी पडून सुटली होती. काही महिन्यांनी पुन्हा करता येईल, पण खात्री नाही म्हणाल्या.

ऑटोत लेकीने विचारलं, "मम्मी, फिर कराओगी?"

"नाही गं."

"अच्छा, ठीक है," ती म्हणाली. पुन्हा करून बघ म्हणून तिने मला समजावलंसुद्धा नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

टाळूची जखम मात्र छान भरलीये.

तुमच्यापैकी कुणी हे दुसऱ्यांदा करून घेतलंय का? खरं काय झालं ते सांगा, उगाच धीर देऊ नका.