ताडगोळ्यातलं पाणी

नरहरीभाऊ चुरी आमच्या शेजारचे. तारापूरकडच्या आमच्या माहीम गावात त्यांची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे. कुंभवलीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला. निवृत्तीनंतर बायको गेली आणि मग वाडी आणि नात एवढंच त्यांचं जग उरलं. मुलगा ललित तारापूरला नोकरीला. सून हेमांगी घरी शिवणकाम करते. नात तेजल, सात वर्षांची, तिला लहानपणापासून आकडी येते. औषधं बदलून झाली, तरी बोलता बोलता पोर ताठ होऊन पडायची. नरहरीभाऊ तिच्या मागे मागे चालायचे, हात पुढे करून, जणू ती नुकती चालायला लागली आहे.

गेल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी तिला केटोजेनिक आहार सुरू केला. भात, भाकरी, साखर, फळं जवळजवळ बंद करायची आणि शरीराला तुपातेलावर चालवायचं. मग रक्तात केटोन वाढतात आणि काही मुलांच्या आकड्या त्यामुळे थांबतात. हेमांगी प्रत्येक घास काट्यावर तोलून द्यायची. रोज बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि मशीनवर आकडा बघायचा. तेजलसाठी तो तीन ते पाचच्या मध्ये हवा होता. खाली गेला तर उपयोग होत नाही. फार वर गेला आणि पोर मलूल झाली तर लगेच फोन करायचा. मशीनबरोबरचा इंग्रजी कागद समजून घ्यायला हेमांगी माझ्याकडे आली होती. एखाद्या आकड्याने घाबरू नये, सकाळी तो जरा कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, एवढं मी तिला सांगितलं.

घरातला गुळाचा डबा नरहरीभाऊंनी स्वतः माझ्याकडे आणून ठेवला. ते भात जेवायचे तेही मागच्या पडवीत, नातीला दिसू नये म्हणून. होळीपर्यंत तेजलच्या आकड्या थांबल्या होत्या. ती मुलांबरोबर धावू लागली आणि नरहरीभाऊ पहिल्यांदा खुर्चीत बसून तिच्याकडे बघू लागले.

चैत्रात मशीनवरचे आकडे घसरले. सकाळी अडीच असले तर संध्याकाळी एक, कधी त्याहूनही कमी. हेमांगीने पट्ट्या बदलल्या, तूप वाढवलं, काटासुद्धा नवा आणला. मुंबईच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, संध्याकाळी वाढण्याऐवजी उतरतंय, म्हणजे दिवसा मुलीच्या पोटात काहीतरी गोड जातंय, कोण देतंय?

हेमांगीने सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, देवाशप्पथ, मी तिला खायला काही देत नाही. ते खोटं बोलणारे नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग उरली कोण? दिवसभर पोरीबरोबर हेमांगीच असायची. पुन्हा आकडी आली त्या दिवशी ललित अंगणातच तिला बोलला. "तुला तिचं रडणं बघवत नाही, देतेस बिस्किटं. मला काय, मी मरतो कंपनीत." त्यानंतर तो शिलाईचा डबा उघडून बघायचा, तिची पर्स बघायचा. नरहरीभाऊ मान खाली घालून बसत. एकदा मला म्हणाले, "वयनी, सून वाईट नाय, पण आईचा जीव हाय, देत आसंल."

मे महिन्यात डॉक्टरांनीच सांगितलं की एवढं करून केटोन टिकत नसतील तर आहार हळूहळू सोडू या. तेजलचं वजनही उतरलं होतं.

तेजल पुन्हा वरणभात जेवू लागली. एका दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. नरहरीभाऊंनी ताडगोळे सोलून थाळीत ठेवले. हेमांगी सहज म्हणाली की आता घे बाई, आता तुला सगळं चालतं.

नरहरीभाऊ हसले. "हे तर तेवाबी चालत होतं. रोज दुपारी तू शिवायला बसलीस की वाडीत नेऊन देत होतो."

किती, असं हेमांगीने विचारलं.

"चार-पाच. डॉक्टर बोलला ना, पाणी भरपूर पाजा? ही पाणी पीत नव्हती. ताडगोळा म्हंजे काय गो, पाणीच तर हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं की त्या पाण्यात साखर असते. तेजलला दिवसभरात जेवढी चालत होती, त्याहून जास्त त्या चार-पाच ताडगोळ्यांतूनच जात होती. जन्मभर ताडाखाली वाढलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा त्यांनी हातातला कोयता जमिनीवर ठेवला आणि सुनेकडे न बघता विचारलं, ललित कधी येतो.

तो आल्यावर ते म्हणाले, "तिला जे बोललास, ते सगळं आता मला बोल." ललित आत गेला आणि हेमांगीशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला.

पुढच्या आठवड्यात नरहरीभाऊ कुणाला न सांगता एकटे मुंबईला जाऊन डॉक्टरांना भेटून आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहार पुन्हा सुरू करता येईल, पहिल्यांदा गुण आला होता म्हणजे पुन्हाही येऊ शकतो, पण घरच्यांची तयारी हवी. फार आशेने ते घरी आले. ललित लगेच हो म्हणाला.

हेमांगी शिलाई मशीनवर पायजमा शिवत होती. तिने शिवण पुरी केली, दोरा तोडला.

"आप्पा, तुमच्यावर माझा राग नाही," ती सासऱ्यांना म्हणाली. "तूप तोलणं मला पुन्हा जमेल. पण रोज संध्याकाळी आकडा बघताना सगळे माझ्याकडे बघतील, ते आता जमणार नाही."

ललितने खूप विनवलं. तिने ऐकलं नाही आणि नरहरीभाऊंनी तिला पुन्हा विचारलंही नाही. तेजलला आता चौथं औषध चालू आहे. आकड्या कमी आहेत, थांबलेल्या नाहीत. औषधाने तिला झोप फार येते, शाळेत बाकावरच डोळे मिटतात. रोज शाळा सुटायच्या आधीच नरहरीभाऊ तिथल्या फाटकाशी जाऊन उभे राहतात.