भाऊंचं मशीन आणि माझा उखाणा

मी डूख धरणारी बाई आहे. माहेरी आणि सासरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळात ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही गेल्या संक्रांतीला कळलं.

नवऱ्याचं घोरणं हा आमच्या घरात इतकी वर्षं चेष्टेचा विषय होता. मग डॉक्टर म्हणाले, हे नुसतं घोरणं नाही, झोपेत यांचा श्वास थांबतो. त्यावर एक मशीन मिळतं. तोंडावर मास्क लावायचा, त्यातून दाबानं हवा येत राहते आणि घसा मिटत नाही. दाब किती ठेवायचा ते डॉक्टरांनी लिहून दिलं. मशीन कुणाकडून घ्यायचं, ते मात्र आम्ही ठरवायचं होतं. आमचा इन्शुरन्स चालेल असे बरेच विक्रेते होते.

एरवी माझा नवरा टोस्टर घ्यायचा तरी आठवडाभर रिव्ह्यू वाचत बसतो. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर माणूस, तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणार नाही. पण विक्रेत्यांमध्ये भाऊ निघाले आणि तपासणं तिथेच संपलं. भाऊ म्हणजे मंडळातल्या सगळ्यांचेच भाऊ. गणपतीत स्टेजवरचा बॅनर त्यांच्या दुकानाचा, दिवाळीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत खुर्ची त्यांची. "वहिनी, माझ्यावर सोडा," ते म्हणाले, आणि आम्ही सोडलं. मास्क बसला नाही तर बदलून देणार का, सेटिंग कोण करणार, बिघडलं तर फोन कोण उचलणार, हे परक्याला विचारता येतं. आपल्या माणसाला कसं विचारायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

मंडळाच्या मीटिंगनंतर पार्किंग लॉटमध्ये भाऊंनी गाडीची ट्रंक उघडली आणि खोका काढून दिला. त्यावर चकलीचा डबा ठेवला. "प्लग इन करायचं, मास्क लावायचा, झोपायचं. एकदम सिंपल आहे यार!" चकली उत्तम होती, खोटं कशाला बोलू.

नवऱ्यानं एकही रात्र न चुकवता मास्क लावला. सकाळी गालांवर वळ, घशाला कोरड आणि डोळ्यांत तीच झोप. जेवताना घास हातात धरून पेंगायचा. मी भाऊंना फोन केला. "सवय होईल हो, वहिनी." पुन्हा केला, तेव्हा उचलला नाही. मेसेज केला, तर हात जोडल्याचं चित्र आलं. मंडळाच्या ग्रुपवर मात्र त्यांचे सुप्रभातचे सुविचार रोज येत होते.

एका शनिवारी नवरा लेकीला पोहण्याच्या क्लासहून घेऊन येत होता. दोघं गराजच्या दारातून आत आले, तेव्हा पोरीचे केस अजून ओले होते. "आई, बाबा वॉज अस्लीप," ती म्हणाली. "लाइक, अ‍ॅक्चुअली अस्लीप." भर फ्रीवेवर गाडी कडेच्या खडबडीत पट्ट्यांवर गेली, चाकं खडखडली, हिनं किंचाळून स्टिअरिंग ओढलं, म्हणून दोघं माझ्यासमोर उभे होते. मी नवऱ्याच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या. त्या दिवसापासून त्याला ऑफिसला मी सोडायला लागले.

मग दुसरं दुकान शोधलं. या वेळी मुलीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी केली. फक्त चार पिढ्या विचारायच्या बाकी ठेवल्या. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी नवऱ्याला खुर्चीत आडवं केलं, मास्क लावून कुशीवर वळायला लावलं, हवा कुठून निसटते ते बघितलं. मग आमचं जुनं मशीन तपासलं. डॉक्टरांनी सांगितलेला दाब त्यात कधी घातलाच नव्हता. कारखान्यातून जसं निघालं, तसंच आमच्या उशाशी आलं होतं. त्याची माहिती आपोआप डॉक्टरांकडे जायला हवी होती, तीही जोडणी झाली नव्हती. इतके महिने माझा नवरा तोंडाला रबर बांधून जसाच्या तसा गुदमरत होता.

मी भाऊंना पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनी हात झटकले. "सेटिंगचं डॉक्टर बघतात, वहिनी." तेवढ्यावर राहिले असते, तर कदाचित मीही गप्प बसले असते. पण पुढच्या आठवड्यात माझ्या कानावर आलं, की भाऊ सगळ्यांना सांगतायत, "ते मास्क लावतच नाहीत, मशीन काय करणार?" केसानं गळा कापायचा, आणि वर गळ्यालाच दोष द्यायचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "मंडळात तोंड दाखवायचंय आपल्याला."

"तोंड त्यानं लपवायचं," मी म्हटलं.

ग्रुपवर लिहिण्यात अर्थ नव्हता, ग्रुपचे अ‍ॅडमिन तेच. मी थांबले. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी त्यांच्याच घरी असतं.

बाहेर गुडघाभर बर्फ, दारात बुटांचा ढीग आणि आत काळ्या साड्यांनी भरलेला हॉल. भाऊ स्वतः ट्रे घेऊन हिंडत होते. माझ्या हातावर त्यांनी तिळाची वडी ठेवली आणि म्हणाले, "गोड बोला हं, वहिनी." मी वडी खाल्ली. शेजारी बसलेल्या काकू कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या ह्यांनाही ते झोपेचं मशीन सांगितलंय. हार्टचं दुखणं आधीच आहे. पण काळजी नाही बाई, भाऊ उद्याच आणून देतोय. आपला माणूस!"

तोवर मनात थोडी चलबिचल होती, ती तिथे संपली. उखाण्यांची फेरी माझ्यापाशी आली. मी पदर सारखा केला आणि मोठ्यानं नाव घेतलं. नवऱ्याचं नाव इथे गाळते, तिथे गाळलं नव्हतं.

"भाऊंनी दिलं मशीन, सेटिंग मात्र राहिलं,
…रावांना व्हीलवर झोपलेलं माझ्या लेकीनं पाहिलं."

सवयीनं दोघी-तिघी हसल्या आणि मधेच थांबल्या. काकूंनी माझा हात धरला. "सेटिंग म्हणजे काय गं?" मग मी सांगितलं. पार्किंग लॉटपासून फ्रीवेच्या पट्ट्यांपर्यंत सगळं, अगदी गोड आवाजात. भाऊंनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"वहिनी, हा काय इथे बोलायचा विषय आहे का?"

"तुम्ही काळजी करू नका, भाऊ," मी म्हटलं. "माझ्यावर सोडा."

मला आनंद झाला का? झाला. फार झाला. काकूंनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला आणि उद्याचं मशीन कॅन्सल केलं, तेव्हा तर मला दुसरी वडी मागून घ्यावीशी वाटली.

निघताना भाऊंची बायको वाण द्यायला दारापर्यंत आली. तिचा चेहरा उतरला होता. ही आता मला ऐकवणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत वाण घातलं आणि मागे वळून हॉलकडे पाहिलं.

"माझे बाबा इथेच असतात आमच्याकडे," ती हळूच म्हणाली. "त्यांना मशीन ह्यांनीच दिलंय. तेही दिवसभर पेंगतात. तुमचं ते नवीन दुकान कुठलं?"

तयार ठेवलेलं उत्तर मी गिळलं. तिच्या फोनवर दुकानाचा पत्ता टाकला आणि बूट चढवले.

"उद्याच घेऊन जा त्यांना," मी म्हटलं. "आणि कुणी सांगितलं असं घरात विचारलं, तर माझं नाव सांग. आडनावासकट."