भगरीचं भरलेलं ताट

ती घटना आठवली की आधी कानात त्या म्हाताऱ्याचा श्वास येतो. जालन्याच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तो खोल आणि भराभर श्वास घेत होता, जणू धावत आलाय.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. खबर त्याच्या पुतण्याची होती: विधवा सुनेने उपासाच्या भगरीत विष घातलं. म्हाताऱ्याने मृत्युपत्रात शेत तिच्या नावावर केलं होतं, त्यामुळे हेतू शोधायचे कष्ट कोणाला पडले नाहीत. आवारात एक पुढारी न्याय मागत होते. ज्याच्यासाठी मागत होते त्याचं नाव त्यांनी मध्येच शेजाऱ्याला विचारून घेतलं.

हवालदार घरचा पंचनामा करून आले. भगरीचं ताट झाकलेलं मिळालं. घासही मोडलेला नव्हता.

महिला पोलिसासमोर मी सुनेची चौकशी सुरू केली. "ताई, खाल्ल्यावर किती वेळाने उलटी झाली?"

"खाल्लीच कुठं, साहेब? मामा अंगारकीला पायी राजूरच्या गणपतीला गेल्ते. पाणीबी न पिता. परत आल्यावर जीपमधून उतरतानाच ओकले. पोट दुखून राह्यलं, पाय गळाले म्हणले. मंग असा दम लागला, अन् गुंगीच आली."

"दमा आहे त्यांना?"

"न्हाई. शुगर हाय. किडनीबी कमजोर झाली म्हणून डॉक्टरनं सांगितल्तं."

"शुगरची गोळी घेतली होती?"

"राजूरला जायचं म्हणलं की जादा घेतात. म्हणतात, पेढा देवाचा, गोळी डॉक्टरची. दोघांचीबी मर्जी राखावी लागती."

मी उठून डॉक्टरांकडे गेलो. नातेवाइकांनी विष सांगितलं म्हणून उपचार त्याच दिशेने चालले होते. पण तोंडाला विषाचा वास नव्हता, डोळ्यांच्या बाहुल्याही बारीक झालेल्या नव्हत्या, आणि रक्तात आम्ल फार वाढलेलं निघालं होतं. गोळ्यांचं ऐकताच ते म्हणाले, "लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस. अधू मूत्रपिंड, कोरडं पडलेलं अंग, वर जादा गोळ्या. त्या अंगात साचल्या आणि आम्ल वाढलं. हा दम त्याचाच." लगेच डायलिसिस सुरू झालं.

म्हातारा काही वेळ शुद्धीवर आला. डॉक्टरांसमक्ष मी जबाब घेतला. सुनेनं काय दिलं, असं विचारलं.

"शिव्या," तो म्हणाला. "जादा गोळ्या घेतल्या म्हणून. तिला घरी जाऊ द्या, साहेब."

उशीर झाला होता. तो वाचला नाही. त्या जबाबावर आणि वैद्यकीय अहवालावर सून सुटली. पुढारी सांत्वनाला आले, तेव्हा नाव पाठ करून आले होते.

नोकरीत मी विषाची बरीच प्रकरणं पाहिली. पण उलटी, पोटदुखी, गुंगी आणि कारण नसताना लागलेला दम एकत्र दिसले की मी तेव्हापासून आधी औषधं विचारतो. त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांनी मिळून आरोपी आणला होता. गोळ्यांची पट्टी कोणी आणली नव्हती.